एका कारकुनाची शिष्यवृत्ती

१९ मार्च १९१३ रोजी मद्रास विद्यापीठाच्या गणित अभ्यास मंडळापुढे एक अवघड प्रकरण आले होते. संशोधन शिष्यवृत्तीसाठी ज्याचे नाव सुचवण्यात आले होते, तो उमेदवार मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात दरमहा तीस रुपयांवर कारकुनी करीत होता. ही शिष्यवृत्ती एम. ए. झालेल्यांसाठी होती, आणि उमेदवार तर एफ. ए. ही कॉलेजची पहिलीच परीक्षा दोनदा नापास झालेला. वय पंचवीस. पदवी नाही, घराणे नामांकित नाही, पैसा नाही. जवळ होत्या त्या फक्त गणिताच्या काही वह्या, आणि त्या वह्यांतील बहुतेक निष्कर्ष पडताळून पाहण्याची ताकद खुद्द मंडळातही फारशी कोणाजवळ नव्हती. उमेदवाराचे नाव श्रीनिवास रामानुजन.

रामानुजन यांचे चरित्र बहुधा चमत्कार म्हणून सांगितले जाते. नामक्कलच्या नामगिरी देवीची कृपा, स्वप्नात सुचलेली सूत्रे, केंब्रिजच्या हार्डी यांना अकस्मात आलेले ते पत्र आणि मग दिगंत कीर्ती, असा या कथेचा ओघ असतो. तीत खोटे फारसे नाही. पण मधला एक मोठा तुकडा गाळलेला असतो. १९१० ते १९१३ या काळात हा तरुण वह्या काखेत मारून दारोदार हिंडत होता. त्याला दार उघडणारी माणसे कोण होती, आणि त्यांनी नेमके काय केले, हा तो गाळलेला तुकडा होय. शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांनी या चरित्रातून काही घ्यायचे असेल, तर ते तेथेच आहे. देवीचा प्रसाद सर्वांच्या वाट्याला येत नाही. योग्य माणसाचे नाव योग्य ठिकाणी सुचवणे मात्र कोणालाही जमण्यासारखे आहे.

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे आजोळी झाला आणि बालपण कुंभकोणमला गेले. वडील एका कापड व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून होते. पगार वीस रुपयांच्या आसपास. आई कोमलताम्माळ देवळात भजने म्हणत. घरखर्चाला हातभार म्हणून कॉलेजात शिकणारी मुले घरी ठेवून घेतली जात, आणि त्या मुलांजवळचे गणित हा शाळकरी मुलगा पाहता पाहता संपवून टाकी. १८९७ साली प्राथमिक परीक्षेत तो तंजावर जिल्ह्यात पहिला आला. १९०३ च्या सुमारास कार नावाच्या एका इंग्रज शिकवणीकाराचा ग्रंथ त्याच्या हाती पडला. केंब्रिजच्या परीक्षार्थींसाठी तयार केलेल्या या ग्रंथात सुमारे पाच हजार सिद्धांत ओळीने मांडलेले होते. सिद्धता मात्र त्रोटक किंवा मुळीच नाही. दुसऱ्या मुलाने असे पुस्तक मिटून ठेवले असते. रामानुजन यांनी प्रत्येक सिद्धांत आपल्यालाच घातलेले कोडे मानला आणि तो स्वतः सिद्ध करण्याच्या नादात आयुष्य वाहून टाकले.

१९०४ मध्ये शाळा संपली तेव्हा गणिताचे पारितोषिक त्यांना मिळाले आणि कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजची शिष्यवृत्तीही मिळाली. पुढे जे घडले ते हुशार पण एकमार्गी विद्यार्थ्याच्या बाबतीत आजही घडते. गणितापुढे बाकीचे विषय बाजूला पडले, इंग्रजी निबंधात ते नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. आईने प्राचार्यांची गाठ घेऊन रदबदली केली. गणितात ज्याच्या तोडीचा मुलगा कॉलेजात नाही, त्याची शिष्यवृत्ती काढून घेणे हा कसला न्याय, असा तिचा सवाल होता. प्राचार्यांनी सभ्यपणे ऐकून घेतले आणि नियमावर बोट ठेवले. फी भरणे त्या घराला झेपणारे नव्हते. १९०५ च्या ऑगस्टमध्ये हा सतरा वर्षांचा मुलगा कोणालाही न सांगता घर सोडून विशाखापट्टणमकडे निघून गेला.

पुढच्या वर्षी मद्रासच्या पच्चैयप्पा कॉलेजात पुन्हा प्रयत्न झाला. तेथे शरीरशास्त्र हा सक्तीचा विषय आडवा आला. १९०६ मध्ये आणि पुन्हा १९०७ मध्ये एफ. ए.ची परीक्षा हुकली, आणि विद्यापीठाच्या दृष्टीने रामानुजन हे प्रकरण मिटले. त्या प्राचार्यांना किंवा त्या परीक्षकांना खलनायक ठरवण्याचे कारण नाही. नियम सर्वांना सारखा लावणे हे त्यांचे काम होते आणि ते त्यांनी केले. नियम नसता तर शिष्यवृत्त्या पाटलाच्या आणि मामलेदाराच्या मुलांतच वाटल्या गेल्या असत्या. पण सर्वांना सारखी लावलेली फूटपट्टी जे मोजण्यासाठी केलेली असते तेवढेच मोजते. विद्यार्थी सर्व विषयांत बरा आहे की नाही, हे ती सांगू शकत होती. एका विषयात तो देशातील कोणाही प्राध्यापकाच्या पुढे गेला आहे, हे सांगण्याची सोय तिच्यात नव्हती.

नंतरची दोन-तीन वर्षे अत्यंत हलाखीची गेली. किरकोळ शिकवण्या मिळत आणि सुटत. कागद परवडत नसे म्हणून गणित पाटीवर चाले, आणि उत्तर आले की तेवढेच वहीत उतरवले जाई. पाटी कोपराने पुसून पुसून कोपर काळे पडले होते, असे त्यांचे मित्र सांगत. १९०९ मध्ये जानकी यांच्याशी विवाह झाला आणि मिळवते होण्याची निकड वाढली. १९१० मध्ये ते तिरुक्कोयिलूर येथील डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले. मागणी साधी होती: कोठेतरी कारकुनाची जागा मिळावी.

रामस्वामी अय्यर हे योगायोगाने गणिताचे भोक्ते होते. १९०७ मध्ये त्यांनीच पुढाकार घेऊन गणितप्रेमींची एक संस्था स्थापन केली होती. तीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली, आणि तिचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होते. त्यांनी वह्या चाळल्या. एका सहीनिशी कारकुनाची जागा देणे त्यांच्या हाती होते. पण या माणसाला महसूल खात्याच्या तळाच्या पायरीवर बसवणे म्हणजे त्याला गाडून टाकणे होय, हे त्यांनी ओळखले. नोकरी नाकारून त्यांनी त्याला परिचयपत्रे देऊन मद्रासला धाडले. आयुष्यात पुष्कळांनी रामानुजन यांना नकार दिला. हा एक नकार मात्र त्यांच्यावर उपकार करून गेला.

मद्रासला कुंभकोणमचे जुने प्राध्यापक शेषू अय्यर भेटले, आणि त्यांच्या पत्रावरून १९१० च्या डिसेंबरात नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांची भेट झाली. राव स्वतः गणितात मुरलेले होते, तरी पहिल्या भेटीत त्यांना या वह्यांचा थांग लागला नाही. हा माणूस अलौकिक आहे की भ्रमिष्ट, याचा निर्णय होईना. त्यांनी घाई केली नाही. पुन्हा भेटी झाल्या. रामानुजन यांनी सोप्या निष्कर्षांपासून सुरुवात करून पायरीपायरीने त्यांना अशा जागी नेले की, पुढे शंकेला वाव उरला नाही. काय हवे, असे विचारल्यावर रामानुजन यांनी पोटापुरते मागितले, म्हणजे गणितासाठी वेळ मिळेल. राव यांनी त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती मिळवण्याचा प्रयत्न केला. तो फसला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या खिशातून दरमहा पंचवीस रुपये देण्यास आरंभ केला. याच काळात, १९११ मध्ये, सोसायटीच्या नियतकालिकात रामानुजन यांचा पहिला मोठा लेख प्रसिद्ध झाला. विषय बर्नूली संख्यांचे गुणधर्म.

पण फार काळ कोणाच्या अन्नावर राहणे या मानी माणसाला रुचेना. काही दिवस अकौंटंट जनरलच्या कचेरीत हंगामी काम करून त्यांनी ९ फेब्रुवारी १९१२ रोजी पोर्ट ट्रस्टकडे अर्ज केला. मॅट्रिक झालो, एफ. ए.पर्यंत शिकलो, प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढे शिकता आले नाही, तेव्हापासून सारा वेळ गणितात घालवला, अशी सरळ हकिकत त्यात होती. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र होते. १ मार्चला ते रुजू झाले.

ही नोकरी वरदान ठरली, कारण त्या कचेरीतील वरिष्ठ एस. नारायण अय्यर हे पूर्वी गणिताचे प्राध्यापक होते. संध्याकाळी दोघे पाट्या घेऊन बसत. रामानुजन मधल्या पायऱ्या गाळून एकदम उत्तरावर उडी घेत, आणि नारायण अय्यर त्यांना थांबवून त्या पायऱ्या भरायला लावीत. आपल्यालाच समजले नाही तर दुसऱ्या कोणाला समजणार, हा त्यांचा युक्तिवाद होता. हाताखालच्या कारकुनाकडे विद्यार्थी होऊन बसणारा वरिष्ठ तेव्हाही दुर्मिळ होता. पोर्ट ट्रस्टचे प्रमुख सर फ्रान्सिस स्प्रिंग हे अभियंते. त्यांना या कारकुनाचे मोल पटवून दिले ते नारायण अय्यर यांनीच.

येथून शिफारशीची साखळी लांबत गेली. इंजिनिअरिंग कॉलेजातील प्राध्यापक ग्रिफिथ यांनी हे काम आपल्या आवाक्यापलीकडचे आहे असे जाणून लंडनला आपले गुरू प्रा. हिल यांच्याकडे विचारणा केली. हिल यांनी काही दोष दाखवले, वाचनासाठी ग्रंथ सुचवला, पण विद्यार्थी म्हणून पदरी घेतले नाही. केंब्रिजच्या दोन नामवंत गणितज्ञांना धाडलेली पत्रेही निष्फळ ठरली. अखेर १६ जानेवारी १९१३ रोजी रामानुजन यांनी ट्रिनिटी कॉलेजच्या जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. हार्डी आणि त्यांचे सहकारी लिटलवुड यांनी ती सूत्रे तपासली आणि हा पहिल्या प्रतीचा गणिती आहे असा निर्णय केला. हार्डी यांचे उत्तर ८ फेब्रुवारीचे आहे.

या उत्तराला रामानुजन यांनी फेब्रुवारीच्या अखेरीस जे पत्र पाठवले, ते शिष्यवृत्ती मागणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने माहीत करून घ्यावे असे आहे. आपण अर्धपोटी आहोत आणि डोके शाबूत राहायचे तर आधी पोट भरले पाहिजे, हे त्यांनी न लाजता लिहिले. आपणाकडून सहानुभूतीचे पत्र आले तर विद्यापीठाची किंवा सरकारची शिष्यवृत्ती मिळण्यास उपयोग होईल, हेही सांगितले. त्यात लाचारी नाही आणि बढाईही नाही. आपले काम आधी समोर ठेवून नंतर गरज सांगितली की मागणे हीन ठरत नाही, याचा तो वस्तुपाठ होय.

त्याच सुमारास सिमल्याचे हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर मद्रासला आले. ते एके काळी ट्रिनिटीचे फेलो होते. २५ फेब्रुवारीला स्प्रिंग यांनी त्यांना वह्या दाखवल्या. दुसऱ्याच दिवशी वॉकर यांनी विद्यापीठाचे रजिस्ट्रार ड्यूसबरी यांना पत्र लिहिले. या क्षेत्रातील आपण तज्ज्ञ नाही हे कबूल करून, या तरुणाला काही वर्षे पोटाच्या विवंचनेतून मुक्त करणे विद्यापीठाला शोभेल, असे त्यांनी सुचवले. अभ्यास मंडळाच्या बैठकीला बी. हनुमंत राव यांनी नारायण अय्यर यांनाही बोलावून घेतले. म्हणजे विद्यापीठाच्या मंडळापुढे पोर्ट ट्रस्टचा एक नोकर दुसऱ्या नोकराच्या योग्यतेची साक्ष देण्यास आला. मंडळाने दोन वर्षे दरमहा पंचाहत्तर रुपयांची शिफारस केली.

प्रकरण सिंडिकेटपुढे गेले तेव्हा अपेक्षित आक्षेप आला. शिष्यवृत्ती एम. ए.साठी, अपवाद कसा करणार? आठ वर्षांपूर्वी कुंभकोणमला जे घडले तेच आता मद्रासला घडण्याचा रंग होता. पण या वेळी न्यायमूर्ती सुंदर अय्यर यांनी सभासदांचे लक्ष विद्यापीठाच्या कायद्याच्या प्रास्ताविकाकडे वेधले. संशोधनास उत्तेजन देणे हा तेथे विद्यापीठाचा हेतू म्हणून सांगितला आहे. मग संशोधन समोर उभे असताना पदवीअभावी त्याला परत पाठवणे म्हणजे पोटनियमाने मूळ हेतूचा पराभव करणे होय. ७ एप्रिल १९१३ रोजी मंजुरी मिळाली. दर तीन महिन्यांनी कामाचा अहवाल द्यावा अशी अट होती. अपवाद केला, पण जाब विचारण्याचा हक्क सोडला नाही. रामानुजन यांनी मद्रासला असेपर्यंत तीन अहवाल सादर केले. पहिल्याच अहवालातील एक सूत्र पुढे त्यांच्या नावाने प्रसिद्धीस आले.

पोर्ट ट्रस्टने या कारकुनाला दोन वर्षांची बिनपगारी रजा दिली. १९१४ च्या जानेवारीत ट्रिनिटीचे नेव्हिल व्याख्यानांसाठी मद्रासला आले, त्यांनी रामानुजन यांचे मन वळवले आणि विद्यापीठाला पत्र लिहिले. प्रेसिडेन्सीचे लिटलहेल्स यांनी दुजोरा दिला, स्प्रिंग यांनी गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या कानावर बाब घातली. दोन वर्षे सालीना अडीचशे पौंड, शिवाय प्रवासखर्च, अशी मंजुरी झाली. त्यातून दरमहा साठ रुपये कुंभकोणमला आईकडे पाठवावेत अशी व्यवस्था रामानुजन यांनी करून घेतली. १७ मार्च १९१४ रोजी त्यांची बोट सुटली.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. महायुद्धाची वर्षे, शाकाहारी माणसाची आबाळ, थंडी, आणि १९१७ पासून जडलेले दुखणे. तरी याच पाच वर्षांत केंब्रिजने संशोधनावर पदवी दिली, हार्डी यांच्यासह संख्याविभाजनावरील युगप्रवर्तक कार्य झाले, १९१८ मध्ये रॉयल सोसायटीने आणि पाठोपाठ ट्रिनिटीने त्यांना फेलो निवडले. एफ. ए. नापास कारकून जगातील मोजक्या गणितज्ञांत जाऊन बसला. मद्रास विद्यापीठाने मायदेशी परतल्यावर पाच वर्षे सालीना अडीचशे पौंड देऊ केले.

त्या वेळी ११ जानेवारी १९१९ रोजी आजारी रामानुजन यांनी ड्यूसबरी यांना जे पत्र लिहिले, तेथे या शिष्यवृत्तीची कथा खऱ्या अर्थाने पुरी होते. ही रक्कम आपल्या गरजेहून जास्त आहे, असे त्यांनी कळवले. पन्नास पौंड आईवडिलांना द्यावेत, आपला आवश्यक खर्च भागल्यावर उरेल ते गरीब व अनाथ मुलांच्या फीमध्ये सवलत देण्यासाठी आणि शाळांना पुस्तके पुरवण्यासाठी वापरावे. फी न भरता आल्यामुळे ज्याला एकदा कॉलेज सोडावे लागले होते, त्याला मोठेपण आल्यावर प्रथम आठवली ती फीच. त्या योजनेची घडी बसवण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही. २७ मार्च १९१९ रोजी ते मुंबई बंदरात उतरले, तेव्हा नेण्यास आई आणि भाऊ आले होते. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासच्या चेटपट भागात त्यांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस. अखेरच्या महिन्यांतही पाटी सुटली नव्हती. त्या दिवसांतले कागद १९७६ मध्ये केंब्रिजच्या ग्रंथालयात सापडले आणि त्यावर गणितज्ञांच्या पिढ्या काम करीत राहिल्या. जानकी अम्माळ शिवणकाम करून मद्रासमध्ये राहिल्या आणि १९९४ पर्यंत हयात होत्या.

शिफारस हा शब्द आपल्याकडे वशिल्याच्या अर्थाने इतका वापरला गेला आहे की, तो उच्चारताच प्रामाणिक माणूस दचकतो. रामानुजन यांच्या शिफारशी एकामागोमाग पाहिल्या म्हणजे दोहोंतील भेद स्पष्ट होतो. वशिला लावणारा उमेदवाराचे नाते पाहतो; येथे प्रत्येकाने आधी वही पाहिली. वशिला लावणाऱ्याला बदल्यात काही हवे असते. येथे रामचंद्र राव यांना स्वतःचे पंचवीस रुपये खर्ची घालावे लागले आणि स्प्रिंग यांना आपला कारकून गमवावा लागला. आणखी एक भेद सर्वांत महत्त्वाचा. वशिला लावणारा सर्वज्ञाचा आव आणतो. या माणसांनी आपल्याला जेथवर समजते तेथवरच सांगितले आणि पुढचा निवाडा अधिक जाणकाराकडे सोपवला. डेप्युटी कलेक्टराने कलेक्टरापर्यंत, वरिष्ठ कारकुनाने अभियंत्यापर्यंत, अभियंत्याने हवामानशास्त्रज्ञापर्यंत आणि त्याने विद्यापीठापर्यंत वही पोहोचवली. यांतील कोणी मला यातले काही कळत नाही म्हणून वही परत केली असती, तर साखळी तेथेच तुटली असती.

२०१२ पासून २२ डिसेंबर हा दिवस राष्ट्रीय गणित दिन म्हणून पाळला जातो. शाळाशाळांतून तसबिरीला हार घातला जातो आणि देवीच्या स्वप्नाची गोष्ट पुन्हा सांगितली जाते. त्या दिवशी नारायण अय्यर यांचीही आठवण निघाली तर बरे होईल. निबंधात नापास होणारा, पण एका विषयात सर्वांच्या पुढे धावणारा मुलगा कोणत्याही वर्गात असू शकतो. शिष्यवृत्तीचा अर्ज आणून देणे, त्याची वही नीट वाचणे आणि आपल्या सहीने त्याचे नाव वर पाठवणे एवढेच शिक्षकाच्या हाती असते. मद्रासमध्ये १९१३ साली जे घडले, त्याची सुरुवात याहून मोठ्या कशाने झाली नव्हती.